आमचं कोव्ह: टायटॅनिकच्या दोन तासांपलीकडचं गाव

बेटवासी

मागे एका धाग्यावर आयर्लंडचा विषय चालला होता. कोव्हचं नाव निघालं आणि लागोपाठ प्रतिसाद आले, "म्हणजे टायटॅनिकचं गाव ना?" तिथे अवांतर वाढवण्यापेक्षा म्हटलं वेगळा धागा काढावा. बरीच वर्षं इथे राहतोय, पोरं इथल्याच शाळेत वाढली, घरात मराठी बोलतात पण बाहेर पडली की अस्सल कॉर्कची हेल काढतात. तेव्हा आता हे माझंच गाव. आणि आपल्या गावाची ओळख एका बोटीच्या दोन तासांच्या मुक्कामावर अडकलेली पाहिली की जरा खटकतंच.

आधी जागा समजून घ्या. आयर्लंडच्या दक्षिणेला कॉर्क शहर, त्याच्या खाली भलीमोठी खाडी आहे, जगातल्या मोठ्या नैसर्गिक बंदरांत तिची गणना होते. त्या खाडीत ग्रेट आयलंड नावाचं बेट, आणि बेटाच्या दक्षिण उतारावर कोव्ह. वस्ती चौदा हजारांच्या आसपास. सगळं गाव उतारावर, त्यामुळे इथे दोनच दिशा, चढ आणि उतार. बेटावर यायला रस्ता एकच, बेलवेलीच्या दगडी पुलावरून. तिथे एखादी गाडी आडवी झाली की सगळं बेट अडकलं म्हणून समजा. दुसरा पर्याय कॉर्कहून येणारी लोकल, पंचवीसेक मिनिटं लागतात. तिसरा, ग्लेनब्रूकहून कॅरिगॅलोला येणारी गाड्यांची फेरीबोट. ती पाच मिनिटांत पलीकडे पोचवते.

अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत इथे कोळ्यांची घरं आणि थोडीफार वस्ती, एवढंच होतं. नेपोलियनशी लढाया सुरू झाल्या आणि इंग्रजांच्या आरमाराला अटलांटिकच्या तोंडाशी सुरक्षित जागा हवी झाली. व्यापारी जहाजं इथे जमायची आणि लढाऊ जहाजांच्या सोबतीनं ताफ्याताफ्यानं निघायची. आरमार आलं तसे व्यापारी आले, दलाल आले, खानावळी आल्या. १८४९ च्या ऑगस्टात व्हिक्टोरिया राणी इथे उतरली, आयरिश भूमीवर तिचं पहिलं पाऊल इथे पडलं, म्हणून गावाचं नाव क्वीन्सटाउन झालं. तेव्हा दुष्काळ संपलेला नव्हता, हे लक्षात घ्या. बटाट्याचं पीक कुजून माणसं मरत होती, याच धक्क्यावरून देश सोडून जात होती, आणि गाव राणीच्या स्वागताला पताका लावत होतं. १९२० मध्ये, स्वातंत्र्ययुद्ध पेटलेलं असताना, नगरपरिषदेनं ठराव करून ते नाव काढून टाकलं. त्यामुळे मधल्या सत्तर वर्षांची कागदपत्रं शोधायची तर क्वीन्सटाउन नावानंच शोधावी लागतात.

आता ती टायटॅनिक. ११ एप्रिल १९१२ ला सकाळी साडेअकराच्या सुमाराला ती खाडीच्या तोंडाशी, रोचेस पॉइंटजवळ नांगर टाकून उभी राहिली. गावाच्या धक्क्याला ती लागलीच नाही. 'आयर्लंड' आणि 'अमेरिका' नावाच्या दोन लहान बोटी माणसं आणि टपालाच्या थैल्या घेऊन गेल्या. १२३ जण चढले, त्यातले ११३ तिसऱ्या वर्गाचे. दुपारी दीडला ती निघाली. त्या १२३ पैकी ४४ जण वाचले. सात प्रवासी इथे उतरले, त्यात फ्रान्सिस ब्राउन नावाचा पाद्रीपणाचं शिक्षण घेणारा एक तरुण होता. त्याचे काका रॉबर्ट ब्राउन इथले बिशप. त्यांनीच त्याला तिकीट काढून दिलं होतं आणि कॅमेराही त्यांनीच दिलेला. बोटीवर ओळख झालेलं एक श्रीमंत अमेरिकन जोडपं म्हणालं, पुढे न्यूयॉर्कपर्यंत चल, खर्च आमचा. त्यानं वरिष्ठांना तार केली. उत्तर आलं: त्या बोटीवरून उतर. तो उतरला, आणि टायटॅनिकच्या आतल्या भागाची आज जी छायाचित्रं जगभर दिसतात त्यातली बरीच त्याची आहेत. आणखी एक जण उतरला, पण लपून. जॉन कॉफी नावाचा भट्टीवाला, मूळचा याच गावचा, टपालाच्या थैल्यांच्या आडून पसार झाला.

गोष्ट चांगलीच आहे, नाही कुठे म्हणतोय? पण गावाच्या दृष्टीनं तो नेहमीचा दिवस होता. अशा बोटी आठवड्याला येत-जात.

खरा घाव तीन वर्षांनी बसला. ७ मे १९१५ ला जर्मन पाणबुडीनं लुसिटानिया ही प्रवासी बोट बुडवली, किन्सेलच्या भूशिराजवळ. अठरा मिनिटांत बोट तळाला. बाराशेच्या आसपास माणसं गेली. वाचलेले आणि मेलेले दोन्ही इथे आणले गेले. रात्रभर बोटी धक्क्याला लागत होत्या. नगरपालिकेची इमारत, धक्क्यावरची गोदामं, सगळीकडे प्रेतं ठेवली होती. ओळख न पटलेल्यांच्या पेट्यांवर नुसते आकडे घातले, पुढे कोणी नातेवाईक आलाच तर दाखवायला फोटो काढून ठेवले. १० मेला मोठी अंत्ययात्रा निघाली. गावाबाहेरच्या जुन्या चर्चच्या दफनभूमीत दीडशेहून जास्त लोक पुरले आहेत, बरेचसे सामाईक खड्ड्यांत. तिथे पर्यटकांच्या बस फारशा जात नाहीत. जावं असं माझं मत.

बाकी कॅथीड्रल, स्पाइक बेट, गोदी यांबद्दल विचाराल तसं लिहितो. एकदम सगळं टाकलं तर कोणी वाचणार नाही.

लिफी_काठची

डब्लिनहून हजेरी. छान लिहिलंय, आणि लिहा. आम्ही दोनदा आलो, दोन्हीदा पाऊस. मला त्या रंगीबेरंगी घरांचा फोटो हवाय, मागे कॅथीड्रल असलेला. तो नेमका कुठून काढतात? आम्हाला ती जागाच सापडली नाही. समोरच्या बागेतून काढला तर कॅथीड्रल तसं दिसत नाही.

बेटवासी

@लिफी_काठची, ती घरं वेस्ट व्ह्यू रस्त्यावरची. एकूण २३, साधारण १८५० ची. इतक्या तीव्र उतारावर एकाला एक टेकून उभी आहेत की लोक त्यांना पत्त्यांचा कॅट म्हणतात. खालचं पडलं तर वरची सगळी पडतील असा विनोद पिढ्यान् पिढ्या चालू आहे. तुम्हाला हवा असलेला फोटो वरच्या स्पाय हिल रस्त्यावरच्या भिंतीवरून निघतो. ती भिंत उंच आहे, पलीकडे थेट खाली कडा. लोक तिच्यावर चढून उभे राहतात, कृपा करून तुम्ही राहू नका. हात वर करून फोन धरला तरी काम होतं. रंग मात्र अलीकडचे हं. जुन्या फोटोंत ती घरं अगदी साधी, करड्या गिलाव्याची दिसतात.

खवचट_काका

धागा वाचला. टायटॅनिकला नावं ठेवायची आणि धाग्याच्या शीर्षकात मात्र टायटॅनिक, ही युक्ती आवडली.

गंभीरपणे: टायटॅनिक ज्यांची होती त्या व्हाइट स्टार कंपनीच्या जुन्या कचेरीत टायटॅनिकचं प्रदर्शन आहे, तिकीट लावून. टायटॅनिकच्या खुणा दाखवत गावातून फिरवणारे वाटाडे आहेत. बाग आहे, स्मारक आहे. गावातल्या खानावळी, दुकानं, हॉटेलं त्यावर चालतात. पाहुण्यांना जे ऐकायचंय ते गाव सांगतंय, त्यात वाईट काय? तुम्ही म्हणता ती दफनभूमी बघायला न्यूयॉर्कहून क्रूझनं कोण येणार आहे?

बेटवासी

काका, मुद्दा मान्य. उन्हाळ्यात रेल्वे स्टेशनाला खेटून गावाहून उंच क्रूझ बोट उभी राहते, दोन-तीन हजार माणसं उतरतात, आणि त्यातली बहुतेक त्याच कचेरीकडे जातात. गावाचं पोट त्यावर भरतं. माझी तक्रार एवढीच की त्याच कचेरीच्या मागे, ज्यावरून लोक शेवटचे चालत गेले त्या लाकडी धक्क्याचे खांब अजून पाण्यात उभे आहेत, कुजत. प्रदर्शनात नकली केबिन बघायची रांग, आणि खऱ्या लाकडाकडे गॅलरीतून एक नजर.

आणि त्या चौकाबद्दल एक गंमत सांगतो, तुम्हाला आवडेल. कचेरी ज्या चौकात आहे त्याचं नाव केसमेंट चौक. त्याच चौकात लुसिटानियाचं स्मारक आहे: वर देवदूत, खाली शोकात उभे असलेले दोन कोळी. जेरोम कॉनर या शिल्पकारानं ते हातात घेतलं, १९४३ मध्ये तो वारला, आणि काम पुढे साठच्या दशकापर्यंत रेंगाळलं. आता रॉजर केसमेंट कोण? इंग्रजांविरुद्धच्या १९१६ च्या उठावासाठी जर्मनीची मदत मागायला गेलेला क्रांतिकारक. जर्मन पाणबुडीतून केरीच्या किनाऱ्यावर उतरला, पकडला गेला, लंडनमध्ये फासावर गेला. ज्या पाणबुडीतून तो आला तिचा कप्तान होता रायमुंड वाइसबाख. हा वाइसबाख आदल्या वर्षी लुसिटानिया बुडवणाऱ्या पाणबुडीवर टॉर्पेडो अधिकारी होता. म्हणजे चौक ज्याच्या नावाचा त्याला पोचवणारा माणूस, आणि स्मारक ज्यांचं त्यांना बुडवण्यात हात असलेला माणूस, एकच. चौकात बसून आइस्क्रीम खाणाऱ्या कोणालाही हे माहीत नसतं.

खवचट_काका

ही माहिती शीर्षकात टाकायची सोडून टायटॅनिक टाकलंत! हॅट्स ऑफ मात्र.

दुपारचा_चहा

खूप सुंदर. माझी मुलगी न्यू जर्सीत शाळेत आहे, त्यांना एलिस आयलंड, म्हणजे अमेरिकेत येणाऱ्यांची नोंद व्हायची ते न्यूयॉर्कजवळचं बेट, या विषयावर प्रकल्प होता. त्यात ॲनी मूर नावाच्या मुलीचं नाव होतं, ती क्वीन्सटाउनहून आली असं लिहिलं होतं. हेच का ते गाव? आम्ही नकाशावर शोधत बसलो होतो.

बेटवासी

@दुपारचा_चहा, हेच. ती कॉर्क शहरातली. आईवडील आधीच न्यूयॉर्कला गेलेले. डिसेंबर १८९१ मध्ये ती दोन धाकट्या भावांना, अँथनी आणि फिलिपला, घेऊन इथून 'नेवाडा' बोटीत बसली. १ जानेवारी १८९२ ला एलिस आयलंडचं नवं केंद्र उघडलं आणि पहिलं नाव तिचं नोंदलं गेलं. बक्षीस म्हणून तिला दहा डॉलरचं सोन्याचं नाणं मिळालं. वर्तमानपत्रांनी वय पंधरा छापलं, प्रत्यक्षात ती सतरा वर्षांची होती.

तिचा आणि भावांचा पुतळा इथे हेरिटेज सेंटरच्या बाहेर समुद्राकडे तोंड करून आहे. १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन यांनी अनावरण केलं. मुलीला सांगायची खरी गोष्ट मात्र पुढची आहे. कित्येक वर्षं सगळे मानत होते की ॲनी पुढे टेक्सासला गेली आणि तिथे अपघातात वारली. त्या टेक्सासवालीच्या वंशजांना समारंभांना बोलावलंही जायचं. २००६ मध्ये कागदपत्रं तपासल्यावर निघालं की ती वेगळीच ॲनी मूर, जन्मानं अमेरिकनच. आपली ॲनी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधून कुठे गेलीच नाही. तिथल्याच एकाशी लग्न केलं, दहाहून जास्त मुलं झाली, त्यातली निम्मी लहानपणीच गेली, आणि १९२४ मध्ये तीही गेली. क्वीन्समधल्या दफनभूमीत तिच्या थडग्यावर २००८ पर्यंत दगडसुद्धा नव्हता. टेक्सासची गोष्ट जास्त रंगतदार होती म्हणून ती टिकली, असं माझं निदान.

आकडा हवा असेल तर: १८४८ ते १९५० या काळात आयर्लंड सोडून गेलेल्या साठ लाख लोकांपैकी सुमारे पंचवीस लाख या एका गावाच्या धक्क्यावरून गेले. त्याआधी ऑस्ट्रेलियाला जाणारी कैद्यांची जहाजंही याच खाडीतून सुटायची.

प्रश्नचिन्ह

पंचवीस लाख?? मग गावात एवढी माणसं राहायची कुठे बोट येईपर्यंत?

बेटवासी

@प्रश्नचिन्ह, समुद्राकाठच्या रस्त्यावर आणि मागच्या गल्ल्यांत रांगेनं खाणावळवजा घरं होती. बोट उशिरा आली की खेड्यातून आलेल्यांच्या गाठीचे पैसे तिथेच संपायचे. लुबाडणूक चालायची, दलाल स्टेशनापासूनच मागे लागायचे. गाव निव्वळ अश्रू ढाळत नव्हतं, गल्लाही भरत होतं. काकांच्या मुद्द्याला हा माझ्याकडून पाठिंबा.

आगगाडीवेडा

रेल्वेबद्दल दोन ओळी लिहाच. हे जे हेरिटेज सेंटर म्हणताय ते जुन्या स्टेशनातच आहे ना?

बेटवासी

हो. गाडी इथे १८६२ मध्ये आली. एवढ्या लहान गावाला एवढं ऐसपैस स्टेशन का, तर देश सोडणाऱ्या लोकांचे लोंढे आणि टपाल. अमेरिकेचं टपाल इथे उतरवायचं, खास गाडीनं डब्लिनला आणि तिथून बोटीनं इंग्लंडला धाडायचं. बोट तशीच लिव्हरपूलपर्यंत जाण्यापेक्षा हे लवकर व्हायचं. आता अर्ध्या इमारतीत प्रदर्शन आहे आणि लोकल शेजारच्या फलाटावर लागते. तुम्ही येणार असाल तर कॉर्कहून निघताना उजव्या हाताच्या खिडकीत बसा. फोटाचं अभयारण्य मागे पडलं की कॅरिगॅलोपासून रशब्रूकपर्यंत रूळ थेट पाण्याच्या काठानं जातात.

लिफी_काठची

आणि कॅथीड्रल? तुम्ही मुद्दाम मागे ठेवताय असं वाटतंय.

बेटवासी

मुद्दामच. त्यावर लिहायला बसलो की थांबवत नाही.

सेंट कोलमन कॅथीड्रल. पायाभरणी १८६८, काम पूर्ण १९१९. एकावन्न वर्षं. ई. डब्ल्यू. प्यूजिन आणि जॉर्ज ॲशलिन हे वास्तुविशारद. आधी हिशेब बांधला होता तो केव्हाच कोसळला, शेवटी दोन लाख पस्तीस हजार पौंड गेले. एक कारण म्हणजे बिशपला मूळचा साधा आराखडा पसंत पडेना आणि काम चालू असतानाच नक्षीकाम वाढत गेलं. दुसरं कारण हा डोंगर. असल्या उतारावर एवढं वजन उभं करायचं म्हणजे आधी खाली प्रचंड भिंती घालून सपाटी तयार करावी लागली. वरचा मनोरा नव्वद मीटरहून थोडा जास्त. आयर्लंडमधल्या सर्वांत उंचांपैकी एक. सर्वांत उंच कोणता यावर लिमरिकवाल्यांशी वाद घालायची माझी तयारी आहे, पण इथे नको.

पैसा कुठून आला? इथल्या गरीब शेतकऱ्यांकडून, आणि अमेरिका-ऑस्ट्रेलियात गेलेल्यांनी पाठवलेल्या पैशांतून. इथून बोटीत बसणाऱ्याला शेवटचं दिसायचं ते हे अर्धवट बांधकाम, आणि तोच माणूस तिकडे मोलकरणीचं नाहीतर हमालीचं काम करून त्यासाठी वर्गणी पाठवायचा. आत गेलात तर खांबांवरचं कोरीवकाम नीट बघा, आयर्लंडच्या धर्माचा सगळा इतिहास दगडात आहे.

मनोऱ्यात ४९ घंटा आहेत. १९१६ मध्ये ४२ बसवल्या, १९९८ मध्ये सात वाढवल्या. सर्वांत मोठी साडेतीन टनांच्या आसपास. दोरी ओढून वाजवत नाहीत. वर एका खोलीत लाकडी दांड्यांची मांडणी आहे, वादक मुठी आपटून आणि पायानं दाबून पूर्ण संगीत वाजवतो. उन्हाळ्यात रविवारी दुपारी कार्यक्रम असतो. आमच्या घराच्या खिडक्या बंद असल्या तरी ऐकू येतो. पहिल्या वर्षी मला वैताग आला होता हे प्रामाणिकपणे सांगतो.

आणि वाद! तो सांगितल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही. दोन हजारच्या दशकात चर्चनं ठरवलं की वेदीपुढचा भाग नव्या पद्धतीप्रमाणे बदलायचा: कठडे काढायचे, मोझेकची जमीन उखडायची, मंच पुढे आणायचा. नगरपरिषदेनं परवानगी दिली. गावकरी खवळले. हे सगळे रविवारी नेमानं चर्चला जाणारे कॅथलिक बरं का, नास्तिक कोणी नाही. त्यांनी समिती काढली, सह्या गोळा केल्या, नियोजन मंडळाकडे अपील केलं, मोठी सुनावणी झाली. २००६ मध्ये मंडळानं परवानगी रद्द केली. भाविकांनी आपल्याच बिशपला सरकारी नियोजन कायद्यानं हरवलं. या देशात चर्चची सत्ता कशी ओसरली यावर अख्खे ग्रंथ निघालेत, पण मला ते या एका निकालात जास्त नीट कळलं. कठडे आहेत तिथेच आहेत.

खवचट_काका

देवस्थान ट्रस्ट विरुद्ध गावकरी. चला, कोकणात आणि कोव्हमध्ये काही फरक नाही.

प्रश्नचिन्ह

कोकण म्हटलं म्हणून आठवलं, तिकडचे पंतप्रधान होते ना मालवणचे? लिओ वराडकर?

लिफी_काठची

@प्रश्नचिन्ह, हो, वडील मुंबईचे डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. लिओ स्वतः डब्लिनचे. पंतप्रधान असताना २०१९ च्या डिसेंबरात वराडला जाऊन आले होते. पण त्यांचा कोव्हशी काय संबंध? धागा भरकटतोय.

रेवसकर

मी मुंबईच्या गोदीत उमेदवारी केलेला, नोकरीही तिथेच झाली. आता निवृत्त. लेखकानं 'गोदी' असा शब्द टाकून सोडून दिला आहे आणि मी तेव्हापासून वाट बघतोय. चर्च झालं, घंटा झाल्या. गोदीचं काय?

आणि दुसरं. कनिष्क विमान तिकडेच पडलं होतं ना? त्या वेळी मी कामावर होतो, गोदीत दिवसभर तीच चर्चा होती.

बेटवासी

रेवसकर काका, दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच बोटीत आहे, त्यामुळे एकत्रच लिहितो.

गावाच्या पश्चिमेला रशब्रूकला जुनी सुकी गोदी होती. १९५९ मध्ये व्हेरोल्मे या डच कंपनीनं तिथे जहाजबांधणीचा मोठा कारखाना काढला. हजाराहून जास्त कामगार. इथल्या कुठल्याही साठीच्या पुढच्या माणसाला विचारा, तो स्वतः नाहीतर त्याचा भाऊ, मेहुणा, कोणीतरी 'डॉकयार्डात' होता. व्यापारी जहाजं बांधली, आणि आयरिश नौदलाच्या गस्ती बोटीही. शेवटची मोठी बोट 'एथना'. १९८४ मध्ये कारखाना बंद पडला. समोरच्या हॉलबोलाइन बेटावरचा पोलादाचा कारखाना २००१ मध्ये गेला. त्यानं मागे ठेवलेला विषारी गाळाचा ढीग झाकून तिथे आता सार्वजनिक बाग केली आहे. नोकऱ्या पलीकडच्या किनाऱ्यावरच्या औषध कंपन्यांत आल्या. माझ्यासारखे लोक इथे येण्याचं कारण तेच. गावात वयस्कर मंडळी तळमळून बोलतात ती या गोदीबद्दल. टायटॅनिकबद्दल नाही.

याच व्हेरोल्मेत बांधलेली एक गस्ती बोट 'ॲश्लिंग', १९८० मध्ये नौदलात दाखल झाली. तळ इथलाच, हॉलबोलाइन. २३ जून १९८५ ला सकाळी एअर इंडियाचं कनिष्क विमान मॉन्ट्रियलहून लंडनकडे येत असताना आयर्लंडच्या नैर्ऋत्येला समुद्रावर बॉम्बस्फोटानं फुटलं. ३२९ माणसं होती, एकही वाचलं नाही. जवळपासच्या मालवाहू बोटी मदतीला धावल्या, आणि समुद्रातल्या शोधकामाचं सूत्रसंचालन 'ॲश्लिंग'कडे होतं. खलाशी पाण्यात उतरून एकेक मृतदेह वर काढत होते. १३१ मिळाले. ते कॉर्कच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात आणले. नातेवाईक आले, त्यात मुंबईहून आलेलेही होते, आणि कॉर्कच्या लोकांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं. पश्चिम कॉर्कमध्ये अहाकिस्टा नावाच्या खेड्यात समुद्रावर स्मारक आहे, दर २३ जूनला तिथे लोक जमतात. इथून गाडीनं दोन तासांचा रस्ता.

'ॲश्लिंग'चा शेवट ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. २०१७ मध्ये लिलावात एका डच दलालाला अगदी किरकोळ किमतीला विकली, आणि ती फिरत फिरत लिबियात एका सेनापतीच्या ताफ्यात गेली. नाव बदलून 'अल करामा'. गावातले जुने गोदी कामगार हे सांगताना शिव्या देतात.

रेवसकर

उत्तर वाचलं. बोट बांधणाऱ्याला बोट भंगारात गेलेली चालते, अशी विकलेली नाही चालत. शिव्या योग्य आहेत.

'एथना'वर हेलिकॉप्टर उतरायची सोय होती का? नावं वाचून आठवतंय असं वाटतं.

बेटवासी

होती, काका. मागच्या बाजूला हेलिकॉप्टरचा तळ. आयरिश नौदलात तशी सोय असलेली ती एकटीच होती.

आगगाडीवेडा

स्पाइक बेटाचं राहिलं. अंदमानसारखं काहीतरी आहे असं वाचलं होतं.

बेटवासी

गावासमोरच, बोटीनं पंधरा मिनिटं. ताऱ्याच्या आकाराचा किल्ला आहे. १८४७ मध्ये दुष्काळात चोऱ्या वाढल्या म्हणून त्याचा तुरुंग केला. काही वर्षांतच तिथे दोन हजारांवर कैदी कोंबले होते आणि हजारावर माणसं तिथेच मेली. १८८३ ला तो तुरुंग बंद. आयरिश राष्ट्रवादी जॉन मिचेल यांना १८४८ मध्ये हद्दपारीच्या वाटेवर काही दिवस तिथे ठेवलं होतं, किल्ल्याला आता त्यांचं नाव आहे. अजून एक महत्त्वाचं: आयर्लंड १९२२ मध्ये स्वतंत्र झालं तरी हे बंदर इंग्रजांनी करारानं स्वतःकडे ठेवलं होतं. ११ जुलै १९३८ ला ते परत मिळालं. म्हणून दुसऱ्या महायुद्धात आयर्लंडला तटस्थ राहता आलं, आणि म्हणून चर्चिल चिडले. आधुनिक काळात १९८५ ला तिथे पुन्हा तुरुंग काढला, त्याच उन्हाळ्यात कैद्यांनी दंगल करून एक इमारत जाळली. ती जळकी इमारत तशीच ठेवली आहे. अर्धा दिवस राखून ठेवा.

लिफी_काठची

आमचा ऑगस्टचा बेत ठरतोय, आईबाबा येणार आहेत. एका दिवसात काय करावं? बाबांचा गुडघा दुखतो, चढ नको.

बेटवासी

गुडघा असेल तर असं करा. गाडी कॉर्कलाच ठेवा, लोकलनं या. हेरिटेज सेंटर आणि ॲनीचा पुतळा स्टेशनातच. तिथून सपाट रस्त्यानं समुद्राकाठी चालत केसमेंट चौक. वाटेत पाण्यावर वाकलेली एक देखणी पिवळट इमारत लागते, ती जुन्या यॉट क्लबची, १८५४ ची. तो क्लब मूळचा १७२० चा, जगातला सर्वांत जुना म्हणवतो, आता क्रॉसहेवनला असतो. इमारतीत आता कलाकेंद्र आहे. पुढे सोनिया ओ'सलिव्हनचा पुतळा. १९९५ ची पाच हजार मीटरची जगज्जेती, सिडनीत रौप्यपदक. ती इथली, आणि गावाला खरा अभिमान तिचा. कॅथीड्रलला मात्र टॅक्सी करा, पायऱ्यांच्या वाटेनं जाऊ नका. रविवार निवडलात तर घंटा ऐकायला मिळतील. क्रूझ बोटी कधी येणार ते बंदराच्या संकेतस्थळावर आधी बघून घ्या आणि तो दिवस टाळा.

खवचट_काका

आणि टायटॅनिक?

बेटवासी

आईबाबांना विचारा. हवं म्हणाले तर तिकीट काढा, मी कोण अडवणार.